नानांच्या गादीला कात्री

माझ्या सासऱ्यांची गादी मी कापली. सकाळचे नऊ वाजले होते, मी पूर्ण शुद्धीत होतो आणि कात्री माझ्याच हातात होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मनात काही ठेवलं की मला ॲसिडिटी होते.

मोठी गाडी घेताना मी बायकोला, वैशालीला, एक स्वप्न विकलं होतं. "धरणाच्या काठी गाडी लावायची, मागच्या सीट पाडायच्या आणि पाण्याकडे बघत झोपायचं! हॉटेल नको, बुकिंग नको!" प्रत्यक्षात पाडलेल्या सीट सपाट होतच नाहीत. मी आडवा होऊन पाहिलं, तर डोकं ब्रह्मगिरीवर आणि कंबर थेट गोदावरीच्या पात्रात! मग सुतार बोलावला. त्याने मला आत झोपवून माझ्याभोवती पेन्सिल फिरवली (अपघातानंतर पोलीस खडू फिरवतात तशी) आणि माझ्या मापाच्या प्लायवूडच्या फळ्या बसवून दिल्या. राहिली फक्त गादी.

वैशाली दोन दिवसांसाठी कळवणला, माहेरी गेली होती. ती यायच्या आत बिछाना तयार करून तिला चकित करायचं, असं मी ठरवलं. (ती चकित झाली. तेवढा भाग योजनेप्रमाणेच झाला.)

आमच्या बेडच्या बॉक्समध्ये खाली, दोन चादरींत गुंडाळलेली एक गादी सापडली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या बॉक्समध्ये काय असतं हे मला कधीच माहीत नव्हतं. ते खातं वैशालीचं.

"पप्पा, आईला एक फोन करा ना," आमची मुलगी सई म्हणाली.

"अगं, सरप्राइज आहे!"

"म्हणूनच म्हणते."

मी गादी खाली पार्किंगमध्ये नेली. चाकांवरच्या उंचवट्यांसाठी दोन्ही बाजूंनी अर्धगोल तुकडे कापायचे होते. मी कात्री चालवली आणि पहिल्याच घावाला कळलं, की हा साधा कापूस नाही. सावरीचा आहे! साधा कापूस कापला तर गप्प पडून राहतो. सावरी उडते. नुसती उडत नाही, फिरायला निघते! पाच मिनिटांत मे महिन्याच्या नाशकात बर्फ पडायला लागला. वॉचमन शिंकला. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी आपटली. आणि पार्किंगच्या उन्हाकडच्या कोपऱ्यात, खाटेवर, पिंगळे काकूंच्या ओल्या कुरडया वाळत होत्या.

"अहो, हे काय केलंत?" काकू किंचाळल्या. "माझ्या कुरडयांना दाढी आली!"

मी एकेका कुरडईची दाढी चिमटीने काढत बसलो. तेवढ्यात वैशालीचा फोन आला.

"ऐका, आम्ही निघतोय. नाना पण येतायत. अधिक महिना आहे ना, तुम्हाला वाण द्यायचंय त्यांना. तेहतीस अनारसे केलेत! आणि हो, त्यांची गादी काढून जरा ऊन दाखवा."

"कुठली गादी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"बेडच्या बॉक्समधली हो! नानांनी बांधावरच्या सावरीची बोंडं तीन उन्हाळे वेचून माझ्या लग्नात भरून दिली होती ती. आपल्याकडे आले की चादर घालून तीच अंथरते मी, दुसरीवर त्यांचा मणका धरतो. दाखवाल ना ऊन?"

"दाखवतोय," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. ती उन्हातच होती. तीन तुकड्यांत.

कळवणहून यायला त्यांना फार तर दोन तास. मी तुकडे गाडीत कोंबले आणि द्वारका सर्कलजवळच्या गादीवाल्याकडे पळालो. (पळालो म्हणजे, द्वारकेच्या चौकात अर्धा तास उभा राहिलो.) त्याने गादी उलटीपालटी करून पाहिली.

"जोडून देतो की साहेब. पण आतला कापूस कुठाय?"

"उडाला."

"मग खोळ शिवून देतो, हवा भरा!"

शेवटी त्याने उरलेला कापूस नीट पसरला, कडा शिवल्या आणि गादी गाडीत अंथरून दिली. ती फळ्यांवर अशी चपखल बसली, की मला क्षणभर अभिमानच वाटला. आणि लगेच त्या अभिमानाची लाज.

घरी पोचलो, तर नाना येऊन बसले होते. ऐंशीला आलेले, पांढरी टोपी, हातात काठी. मला पाहताच उठले. "या, जावईबापू! बसा पाटावर."

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. मला पाटावर बसवलं. वैशालीने दिवा लावून अनारशांचं ताट पुढे ठेवलं. नानांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पाय धुवायला, एका हाताने कंबर धरून, ते हळूहळू खाली वाकायला लागले. तोच मणका! मला पाहवेना.

"नाना, थांबा!" मी ओरडलो. "मी विष्णू नाही!"

"आँ? काय झालं पाव्हनं? नोकरी गेली का?"

"गादी कापली. तुमची. सावरीची. गाडीत बसवायला."

वैशालीच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. "नानांची गादी कापलीत तुम्ही?" ती इतक्या हळू आवाजात म्हणाली, की सई दोन पावलं मागे सरकली.

नाना सावकाश सरळ झाले. "दाखवा," एवढंच म्हणाले.

आम्ही सगळे खाली उतरलो. मी गाडीचं मागचं दार उघडलं. नानांनी गादीवरून हात फिरवला. जिथून तुकडे गेले होते, तिथे बोटं थांबली. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि आत चढून आडवे झाले.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"नाना, मला माफ करा," मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. घोरणं आलं.

नाना चार वाजेपर्यंत झोपले. पिंगळे काकू दोनदा डोकावून गेल्या. मी तीन तास काठी धरून दारापाशी उभा होतो.

"लय भारी!" डोळे उघडून नाना म्हणाले. "मार्केटला कांदा न्यायचो, तवा गाडीत अशी झोप लागायची. खाली फळी कडक, वर मऊ. घरच्या पलंगावर मणका कुरकुरतो, इथं बोललाच नाय!"

"पण गादी, नाना..."

"आवो, सावरी बांधावर हाये की अजून! दुसरी भरू. तुम्ही बोंडं वेचायला या म्हंजे झालं."

वैशाली हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. तेव्हा कुठे मी जेवलो आणि सहा अनारसे खाल्ले.

त्याच आठवड्यात आम्ही धरणावर मुक्कामाला गेलो. झोप अगदी स्वप्नातल्यासारखी झाली. नानांची. पुढच्या सीट मागे टेकवून वैशाली आणि सईही झोपल्या. मी बाहेर चटईवर, उरलेल्या अनारशांचा डबा मुंग्यांपासून राखत होतो.

उजाडता उजाडता मागच्या दारातून पांढरी टोपी बाहेर आली.

"जावईबापू, तुम्ही माप लय बरोबर घेतलंय हां!"

"हो नाना," मी पाठीवरच्या मुंग्या झटकत म्हणालो, "माप बरोबरच होतं. माणूस तेवढा चुकला!"