साफ केलेला आवाज

तीन-चार माणसं वर्षानुवर्षं एका खोलीत बसून काम करायला लागली की कामाचं काय होतं ते देव जाणे, किस्से मात्र साचत जातात. आमच्या खोलीत धूळही भरपूर साचायची, पण किश्शांचा वेग जास्त!

इंदूरच्या कापड मिला एकामागून एक बंद पडत होत्या, चौकाचौकात कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागत होते, आणि या दोहोंच्या मध्ये आमचे दिघेसर मिल-कामगारांच्या आठवणी गोळा करत बसले होते. कॉलेजच्या मागच्या बाजूला एक खोली, मानधनावर मी, टायपिस्टच्या ऑपरेटर झालेल्या रेखाताई आणि एक कॉम्प्युटर. सरांनी भरलेल्या कॅसेटना बुरशी धरू लागली होती. त्या वाया जायच्या आत सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायचं, एवढंच काम. त्यातल्या एका कॅसेटचा सरांना जास्त घोर. चालू मिलमध्ये, चालू मागांसमोर भरलेली तेवढी एकच होती.

त्या दिवसांत आम्ही सतत धास्तावलेले असायचो. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

*

लाइट जायची ठरलेली वेळ नव्हती, हीच खरी पंचाईत. एकदा सकाळपासून टाइप केलेलं सगळं गेलं आणि तेव्हापासून सर रेखाताईंच्या खुर्चीमागे उभे राहायला लागले. दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, "सेव्ह केलं का?"

एके दिवशी रेखाताई वैतागल्या. "सर, अजून एकच शब्द लिहिलाय."

"मग तो करा," सर म्हणाले.

*

सर देवधर्माला लांबूनच नमस्कार करणारे. घरात सत्यनारायण असला की ते नेमके लायब्ररीत सापडायचे.

एका आठवड्यात कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाला तो उचलून घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "डाटा का बोल नहीं सकता, सर." बुधवारी माझ्या सासूबाई खजराण्याच्या गणपतीला गेल्या, तर सर देवळाच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढताना दिसले. तिथे नवस बोलताना उलटं काढतात, आणि नवस फळला की येऊन सुलटं.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही आणि खजराण्याला?"

"श्रद्धा नाही हो," सर म्हणाले. "बॅकअप आहे."

कॉम्प्युटर शाबूत परत आला. सुलटं स्वस्तिक काढायला सर गेले की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

*

भास्करकाका म्हणजे विणकाम खात्यातले जुने कामगार. जन्म मागासमोर गेलेला, कान अर्धे गेलेले, गप्पा मात्र रंगीत. सरांच्या मनात आलं, आपण प्रश्न विचारले की माणसं भाषणं देतात, तेव्हा दोन जुन्या सोबत्यांना समोरासमोर बसवू, टेपरेकॉर्डर चालू ठेवू आणि आपण बाहेर जाऊ. काका आणि त्यांचे दोस्त बसले. आम्ही तिघं पोहे खायला गेलो.

परत आलो तर दोघंही हसू दाबत डोळे पुसत होते. सर खूश! संध्याकाळी टेप लावली, तर नुसता पंख्याचा आवाज. पहिली बाजू पंखा, दुसरी बाजूही पंखा. मशीन बिघडलं म्हणून सरांचा चेहरा उतरला.

काकांना निरोप धाडला. ते इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, मशीन बरोबर आहे. मागांच्या गडबडीत ऐकू काय येणार? खात्यात आम्ही सगळं हातानंच बोलायचो. आणि त्या दिवशी तर मॅनेजरचा विषय चालला होता. तो तर तोंडानं कधी काढलाच नाही."

*

मग दिल्लीहून एक संशोधक आले. हुशार, नम्र, घाईत. पूर्वी असे लोक महिनाभर राहायचे, सरांचा चहा प्यायचे, एकेक मुलाखत ऐकायचे. यांनी रेखाताईंनी टाइप केलेल्या मजकुरात शब्द शोधला, 'संप'. मशीननं क्षणात उत्तर दिलं: काही नाही. दुपारच्या गाडीनं ते गेलेसुद्धा.

पुढे त्यांचा लेख आला. इंदूरच्या कामगारांच्या आठवणींत संपाला स्थान नाही, याची त्यांनी मोठी मीमांसा केली होती. सरांनी तो काकांना वाचून दाखवला.

काका विचारात पडले. "इकडे तर सगळे हडताल म्हणतात," ते म्हणाले. "पण सर, हे छापून आलं ना? मग मी जेलमध्ये कशासाठी गेलो होतो, ते आता कुणाला विचारायचं?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

*

आणि मग ती कॅसेट. मिल बंद व्हायच्या जरा आधी सर परवानगी काढून विणकाम खात्यात गेले होते, आणि भास्करकाका आपल्या मागापाशी उभे राहून बोलले होते. बाप बोट धरून कसा घेऊन आला, तुटलेला धागा जोडायला कसे शिकले, सगळं. पुढे माग भंगारात गेले. काकू वारल्या, आणि काका कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले. "जायच्या आधी कॉपी द्या," ते सरांना म्हणाले. "नातू विचारतो, आजोबा, तुम्ही काय करत होतात? सांगून समजत नाही त्याला."

बुरशी आत शिरलेली. रेखाताईंनी कॅसेट लावली. एकदा पूर्ण वाजली, कॉम्प्युटरमध्ये उतरली. खात्रीसाठी पुन्हा लावली, तर फीत गुंतली आणि तुटली. पण उतरलेलं शाबूत होतं. त्या दिवशी सरांनी कचोऱ्या मागवल्या.

काकांचा आवाज मात्र मागांच्या खडखडाटात बुडालेला. रेखाताईंनी आवाज साफ करायचा एक प्रोग्राम मिळवला आणि कानाला हेडफोन लावून, जेवणाची सुट्टी न घेता मागची सगळी घरघर काढून टाकली. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून खडखडाटासकट असलेली मूळ फाइल पुसली. काम इतकं सुरेख झालं होतं की मला त्यांचा अभिमान वाटला.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. रेखाताईंनी हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला. काकांनी डोळे मिटले, मग उघडले. स्क्रीनकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, एका कानावरचा हेडफोन सरकवला, परत लावला.

"काका, ऐकू येतंय ना स्पष्ट?" रेखाताईंनी मोठ्यानं विचारलं.

"एकदम बढिया, बेटा. एक-एक शब्द कळून राहिला." मग हेडफोन काढून ते म्हणाले, "पण यात मी एवढा ओरडतोय कशाला?"