गुरुजी गेले न्हवं?

रेल्वेचं फाटक पडलं होतं, पण गाडी दिसत नव्हती. शाळेला उशीर नको म्हणून मी सायकल तिरकी करून दांड्याखालून वाकून पलीकडे गेलो. गेटमन ओरडला. रोजच ओरडतो.

इंजिनाच्या भोंग्यानं मागे वळलो, तर भाजीवाली म्हातारी रुळांत. गेटमननं धावत जाऊन तिला ओढलं. टोपली मात्र गाडीखाली गेली.

"फाटक दिसत नाही?" तो खेकसला.

"दिसतंय की," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पर गुरुजी गेले न्हवं? म्हटलं, गाडी लांब असंल."

फाटकाखालून माणूस एकटाच जातो, असं मला इतकी वर्षं वाटायचं.

वर्गात मी सारखा म्हणतो, "माझ्याकडे बघा." आज तास संपेपर्यंत फळ्याकडेच तोंड करून उभा होतो.