चाळीस मिनिटांची नोंद

अदिस अबाबाच्या त्या औषध कारखान्यात येशिमेबेतच्या अक्षराला सव्वीस वर्षे मान होता. पाळीभर कामगार चिठोऱ्यांवर आकडे खरडत. पाळी सुटताना, शेगडीवरच्या कॉफीचा तिसरा पेला होईपर्यंत, ती ते सगळे नोंदवहीत सुवाच्य उतरवी. तपासनीस येत, पाने उलटत, कौतुक करून जात.

आता वह्या जाऊन संगणक येणार होता. सगळीकडे एकदम आणण्याइतका पैसा नव्हता, विजेचा भरवसा नव्हता. म्हणून आधी एकच विभाग घ्यायचा, आणि तो जुन्या नोंदी बघून, असे ठरले होते. त्यासाठी बाहेरून आलेल्या ब्लेनने पाच वर्षांच्या वह्या चाळल्या आणि येशिमेबेतचा गोळ्यांचा विभाग निवडला. इतक्या चोख नोंदी दुसरीकडे नव्हत्या.

"एतिये," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ब्लेन म्हणाली, "ड्रायरमध्ये माल वाळायला दर वेळी चाळीसच मिनिटं? पावसाळ्यातसुद्धा? नाही, मी यंत्राला हाच आकडा घालून देतेय. चाळीस झाली की ते थांबणार."

व्यवस्थापक गेतनेत हसले. "आमची येशिमेबेत म्हणजे घड्याळ. घड्याळाला काय विचारायचं?"

पावसाळ्यात माल सत्तर मिनिटे घेई. चिठोरीवर तसेच असे. नियमात चाळीस होते, म्हणून वहीत ती चाळीस लिही. हे सांगितले तर अडीच वर्षांवर आलेले निवृत्तिवेतन जाणार. गप्प राहिले तर ओलसर गोळ्या डब्यांत भरल्या जाणार. तिला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटले नाही.

"चाळीस मी लिहीत होते," ती म्हणाली. "माल चाळीसमध्ये वाळत नव्हता."

"मग चिठोऱ्या कुठे आहेत?" ब्लेनने विचारले.

"शेगडीत. कॉफीखाली."

गेतनेतांनी ब्लेनला बाहेर पाठवले. "तुला कुणी मारून विचारलं होतं का गं? त्या प्रत्येक पानावर माझी सही आहे."

"आहे ना. न वाचता केलेली."

जबाब झाला, समिती बसली. संगणक आधी सिरपच्या विभागात गेला. ब्लेन पावसाळाभर ड्रायरपाशी स्वतः वेळ मोजत उभी राहिली. येशिमेबेतला कामगारांचे धुतलेले झगे देण्याच्या खिडकीवर बसवले. महिन्याने पत्र आले: निवृत्तिवेतन कायम, यापुढे कोणत्याही नोंदीला हात लावू नये. तिने ते वाचले, घडी घातली आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचे माप विचारले.