फितीचं दुसरं टोक

उपनगरातल्या आमच्या जुन्या घराची किंमत ठरवायला माणूस येणार म्हणून आईने सकाळपासून घर घासूनपुसून काढलं होतं. पलंगावर ठेवणीतली चादर, ओट्यावर झाकून ठेवलेले कांदेपोहे. जणू मुलगीच दाखवायची होती.

त्याने पोहे व्हरांड्यात उभ्यानेच खाल्ले आणि मागच्या परसात मोजायची फीत सोडली. आई म्हणाली, "आत या ना, खोल्या बघून घ्या."

"आत कशाला काकू? घर पडणारच आहे. किंमत जागेची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसला जायच्या आधी बाबांनी रोज पाणी मारून पक्क्या केलेल्या भिंती याच्या लेखी नुसता राडारोडा! माणसांनाही हल्ली आपण असंच जोखतो. कुठे राहता ते विचारतो आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो.

"काकू, हे टोक जरा कुंपणाशी धरता?"

आणि आई पदर खोचून, जास्वंदीपाशी वाकून, फीत धरून उभी राहिली. स्वतःचंच घर पाडायला हातभार! मला राहवेना. मी ते टोक तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

"अरे, सोडू नकोस," ती घाईघाईने म्हणाली, "त्यांचं माप चुकेल."