बोअरच्या ओट्याला तीन पायऱ्या

पाल्मेऱ्याच्या पाणी-कचेरीत खिडकीशी बसून इडालीना टोस्टेला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत खिडकीपलीकडे शहाणा म्हणावा असा एकही माणूस आला नव्हता. निदान तिचं तरी असं स्वच्छ मत होतं. बदामवाले यायचे ते मूर्ख, गोठेवाले त्याहून मूर्ख. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बर्नार्डो आल्वेस. सत्तरी उलटलेला हा म्हातारा दर वर्षी एकच तक्रार घेऊन यायचा.

"इडालीना, माझ्या बोअरचा ओटा वर आलाय गं."

"ओटा वर येत नसतो, आल्वेसकाका. काँक्रीट आहे ते, पाव नाही फुगायला."

"अगं, खालून हात जातो माझा!"

"मग हात घालू नका. काँट्रॅक्टरनं फसवलं तुम्हाला. त्याला धरा." असं म्हणून ती तक्रारीच्या फॉर्मवर 'बांधकामातील दोष' या चौकोनात खूण करायची आणि पुढच्याला बोलवायची.

अशी ही इडालीना एकोणपन्नासाव्या वर्षी, दर शनिवारी सकाळी, कम्युनिटी कॉलेजात भूगोल शिकायला जाऊ लागली. त्याला कारणही तसंच होतं. खिडक्यांची मुख्य असलेली डोरिस जूनमध्ये निवृत्त होणार होती. ती खुर्ची इडालीनाची, हे कचेरीतल्या कॉफीच्या यंत्रालासुद्धा ठाऊक होतं. पण केंट नावाचा नवा मॅनेजर आला आणि त्यानं नियम काढला, मुख्य व्हायचं तर दोन वर्षांची पदवी हवी. इडालीनाची पदवी तीस वर्षांपूर्वी एका विषयावाचून अडली होती. प्रयोगासहित एक शास्त्र. शनिवारी बसेल असं शास्त्र भूगोल एवढंच होतं. मेअखेर 'सी' मिळाला तर खुर्ची तिची. नाही तर शेल्बीची. शेल्बी सव्वीस वर्षांची होती, पदवीधर होती, आणि फाइल उलटी धरली तरी तिच्या लक्षात येत नसे.

पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर पोरं गप्प झाली. पुढच्या बाकावरची अरासेली नावाची मुलगी म्हणाली, "मिस, फळा पुसून देऊ का?"

"मी शिकवणारी नाही," इडालीना म्हणाली. "शिकवणाऱ्याचा पत्ता नाही अजून."

शिकवणारा ऑसगुड दहा मिनिटं उशिरा, घामाघूम होऊन आला. तो तीन गावांतल्या तीन कॉलेजांत तासावर शिकवायचा. त्याच्या गाडीच्या डिकीत पृथ्वीचा गोल, दगडांचे डबे आणि हँगरला लावलेले दोन शर्ट असत. ज्याला एकाही कॉलेजानं कायमचा ठेवून घेतला नाही, तो आपल्याला जग दाखवणार, या विचारानं इडालीनाला पहिला तासभर हसू आवरेना. बाकी वर्गही तसाच. कुणी पायजम्यात आलेलं, कुणी तासाला बसून चिप्स खाणारं. अरासेली रात्रपाळीला वृद्धाश्रमात काम करून थेट येई आणि हिमनद्या सुरू झाल्या की बसल्या जागी डुलक्या घेई. प्रयोगाला तीच इडालीनाच्या जोडीला आली.

सातवा प्रयोग अगदी सोपा होता. आपल्या घराची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायची आणि ती कशी मोजली ते लिहायचं. उंची मोजायची यंत्रं कॉलेजात दोनच. ती पाळीपाळीनं घरी न्यायची होती.

"मिस, आपली पाळी रविवारी आहे," अरासेली म्हणाली. "आधी तुमच्या घरी जाऊ?"

"यंत्र कशाला? गावात शिरताना पाटी वाचली नाहीस कधी?"

ती पाटी कोणी वाचली नव्हती! 'पाल्मेरा, उंची २०४ फूट.' बेकरीचं नावही 'दोनशे चार' होतं. शाळेच्या फुटबॉल संघाच्या जर्सींवर तोच आकडा होता. टोस्ट्यांचं घर पाटीपासून हाकेच्या अंतरावर, सपाट जमिनीवर. इडालीनानं सुवाच्य अक्षरात २०४ लिहिलं, 'कशी मोजली' या प्रश्नाखाली 'सर्वांना माहीत आहे' असं लिहिलं आणि रविवारी निवांत लिंग्विसाची सॉसेजेस तळत बसली. अरासेली यंत्र घेऊन एकटीच आपल्या घरी गेली.

पुढच्या शनिवारी कागद परत आला तो शून्य घेऊन. अरासेलीला पूर्ण गुण होते. तिचं घरही पाल्मेऱ्यातच, पण तिच्या कागदावर आकडा होता १८५.

ऑसगुडला बसायला खोली नव्हती. तासानंतर तो मुलांना वाहनतळावर, उघड्या डिकीपाशी भेटायचा. इडालीना तिथं जाऊन उभी राहिली.

"पाटी सरकारनं लावलीय. सरकार खोटं आणि तुमचं ते खेळणं खरं?"

"पाटी लावली तेव्हा खरी होती. अठ्ठावन्न साली," ऑसगुड सँडविच खात म्हणाला. "त्यानंतर गाव एकोणीस फूट खाली गेलंय."

"गाव खाली गेलं आणि कोणाला कळलं नाही?"

"सगळंच एकत्र गेलं ना. घरं, रस्ते, पाटीसुद्धा. कोणाच्या तुलनेत कळणार? जमिनीखालचं पाणी उपसलं की माती दबते."

"मी पाणी-कचेरीत आहे, मिस्टर ऑसगुड. बावीस वर्षं."

"मग तुमच्याकडे बोअरचे ओटे वर आल्याच्या तक्रारी येत असतील," तो म्हणाला. "ओटा वर येत नाही. केसिंग, म्हणजे बोअरचा लोखंडी पाइप, खोल थरात टेकलेलं असतं, ते वरच्या मातीइतकं खाली जात नाही. जमीन त्याला सोडून खाली जाते. तुमच्या घरी बोअर असेल तर मोजून बघा. बुधवारपर्यंत नवा कागद आणलात तर हे शून्य काढतो. नाही तर तुमचा 'सी' जातो, मी हिशोब केलाय."

दीडशहाणा मेला, असं मनाशी म्हणत ती घरी आली. पण 'सी' जातो हे शब्द गाडीत मागच्या सीटवर बसून तिच्याबरोबर आले होते.

तिचे वडील मानुएल एक्क्याऐंशीचे. मागच्या अंगणात बोअरच्या ओट्यावर पाय सोडून, फावा घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या. इडालीना त्या रोज चढत होती. आज तिनं त्या पहिल्यांदा पाहिल्या. सगळ्यांत वरची जुनी, हिरवट झालेली. मधली लाल विटांची. खालची मागच्या दुष्काळानंतर तिच्या भावानं येऊन घातलेली, वाकडी.

"बाबा, या पायऱ्या का घातल्या आपण?"

"ओटा उंच झाला म्हणून."

"तो का उंच झाला?"

"वाऱ्यानं माती नेली खालची," म्हातारा म्हणाला. "इथला वारा काय कमी आहे? पायरी लागली की घालायची. त्यात विचारायचं काय? पलीकडच्या आल्वेसकडेही नेली वाऱ्यानं."

"आल्वेसची माती कुठे गेली मग? आपल्याकडे यायला हवी होती."

"आपली गेली ना पुढे!"

इडालीनाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली होती. त्या दाराला एकच पायरी. आई असताना एकच होती, आजही एकच. त्या पायरीवर बसून आई तिची वेणी घालायची, तेव्हा आईचे पाय मातीला टेकायचे, ते आजही टेकले असते. वाऱ्यानं माती नेली असती, तर दारापुढची सोडून नेमकी बोअरपुढचीच कशी नेली? घर उथळ पायावर होतं. ते मातीबरोबर मुकाट खाली गेलं होतं.

तिनं शिवणाच्या डब्यातली टेप आणली. ओट्याखाली हात घातला. सहज गेला. कोपरापर्यंत. मग टेप मातीपासून ओट्याच्या तळापर्यंत उभी धरली.

"बावीस इंच," ती म्हणाली.

"काय शोधतेस गं? मांजर शिरलंय का?"

"मांजर नाही. आपण मूर्ख आहोत, बाबा."

"हे कळायला कॉलेज लागलं होय तुला?" म्हातारा म्हणाला आणि शेंगा सोलू लागला.

बुधवारी तिनं कागद नेऊन दिला. त्यावर तिन्ही पायऱ्या उंचीसकट काढल्या होत्या, कोणती कोणी कोणत्या वर्षी घातली तेही होतं, आणि शेजारी दाराची एक पायरी होती. अरासेलीकरवी यंत्र पुन्हा मागून आणून घेतलेला आकडाही होता. ते मागताना मान झुकवावी लागली, ती दुखली. अरासेली एवढंच म्हणाली, "मिस, मी रविवारीच म्हणत होते." इडालीनानं त्याबद्दल तिला कधीही क्षमा केली नाही.

ऑसगुडनं डिकीवर कागद टेकून दोनदा वाचला. "हे फार चांगलं आहे. दाराच्या पायरीचं मला कधी सुचलं नसतं."

"तुम्हाला घर कुठाय?" ती म्हणाली.

'सी' मिळाला. एवढं चांगलं होतं तर मेल्यानं 'बी' द्यायला काय हरकत होती, हे ती पुढे महिनाभर कचेरीत ऐकवत राहिली. जूनच्या दोन तारखेला ती डोरिसच्या खुर्चीत बसली. खुर्ची एका बाजूला कलत होती. डोरिसनं तेवीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात खिडकीपाशी शेल्बीचा आवाज चढला. "आल्वेस, तुमच्या काँट्रॅक्टरनं फसवलंय तुम्हाला. आमच्या इडालीनानंच लिहून ठेवलंय ना, दर वर्षी!"

इडालीना उठली. शेल्बीच्या हातून फॉर्म घेतला. सुलट करून घेतला. 'बांधकामातील दोष' हा चौकोन तसाच सोडला. सर्वांत खाली 'इतर' होता, त्याच्यापुढे जेमतेम तीन शब्दांची जागा. तिथं तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'जमीन खचली आहे.' आणि मुख्य म्हणून पहिली सही केली. हा कागद केंटच्या टेबलावर जाणार आणि पाणी-उपशाची उत्तरं त्याला द्यावी लागणार, हे तिला ठाऊक होतं. केंटबद्दल तिचं मत आधीपासूनच चांगलं नव्हतं.

आल्वेस काचेतून वाचत होता. त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी खरं बोलत होतो, इडालीना? इतकी वर्षं?"

"किती पायऱ्या घातल्यात ओट्याला?"

"दोन."

"दोन!" इडालीनानं नाक मुरडलं. "आमच्याकडे तीन आहेत."