पेन्सिलीची प्रश्नचिन्हं

औषधाच्या खोक्यात बारीक घडी घातलेला एक कागद असतो. खोकं उघडल्याबरोबर आपण जो फेकून देतो, तोच. तोही कुणीतरी डोकं खाजवून लिहितं. बावीस वर्षं ते काम पत्रकवाले करत होते. ऑफिसात त्यांना सगळे पत्रकवालेच म्हणत आणि त्यांना तो किताब वाटे. आपल्यासारखं शुद्ध लिहिणारा दुसरा कुणी नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. "वाचणाराही कुणी नाही," असं बायको म्हणे. पण तिचं मनावर घ्यायचं नाही, हे त्यांनी लग्नानंतर लगेचच ठरवून टाकलं होतं.

छापण्याआधी पत्रक दहा सामान्य माणसांना वाचायला द्यायचं, प्रश्न विचारायचे, त्यांना उत्तरं सापडतात का ते बघायचं, असा कंपनीचा नियम होता. उन्हातान्हात माणसं शोधत कोण फिरणार? पत्रकवाल्यांची दहा माणसं ठरलेली होती: लिफ्टवाला, स्वागतकक्षातल्या बाई, चहावाले काका वगैरे. काका तर इतक्या वेळा परीक्षेला बसले होते, की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत. "उपाशीपोटी नको, गरोदर बायकांनी नको, गाडी चालवू नका. झालं ना साहेब? चहा निवतोय." दहापैकी दहा पास!

मग पत्रकवाल्यांच्या ताईचे सांधे धरले. डॉक्टरांनी नवी गोळी दिली. तिचं पत्रक नेमकं यांनीच लिहिलेलं. ताईने फोन केला. "अरे, ही कधी घ्यायची रे? डॉक्टरांनी चार वेगवेगळ्या गोळ्यांचं एकदम सांगितलं, माझा गोंधळ झाला."

'आठवड्यातून एकदा', एवढं म्हटलं की झालं असतं. पण सख्ख्या बहिणीनेही आपलं लिखाण न वाचता फोन करावा, याच्या मिरच्या पत्रकवाल्यांना झोंबल्या. "ताई, पत्रकात सगळं लिहिलंय. मीच लिहिलंय. वाच की जरा."

सातव्या दिवशी दाजींचा फोन आला. ताईला तोंडभर फोड, अंगात ताप, दवाखान्यात ठेवलंय. तिने गोळी रोज घेतली होती. रक्तातल्या पेशी घसरल्यात, तीन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर ताईची पिशवी सांभाळत बसलेल्या पत्रकवाल्यांना तिच्यात ते पत्रक सापडलं. आधी त्यांना राग आला, वाचलं असतं तर! मग घडी उलगडली. ताईने अक्षर न् अक्षर वाचलं होतं. जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलीने इवलंसं प्रश्नचिन्ह. 'सहवर्ती औषधोपचार', प्रश्नचिन्ह. 'मात्रा-आवर्तन सप्तदिनात्मक, दैनंदिन सेवन प्रतिनिषिद्ध', तिथे दोन. त्या अख्ख्या ओळीत तिला एकच शब्द ओळखीचा भेटला होता, 'दैनंदिन'. त्याखाली तिने रेघ मारली होती.

ही ओळ लिहिली त्या दिवशी पत्रकवाल्यांनी स्वतःला वर एक जास्तीचा चहा पाजला होता. आता त्यांना रडू आवरेना. पुन्हा विचारलं तर भाऊ चिडेल, म्हणून तिने फोन केला नव्हता. हे तिला विचारायची गरजच नव्हती.

ताई वाचली. पंधरा दिवसांनी घरी आली. पत्रकवाल्यांनी आपल्या दहा विद्वानांची गोष्ट वरिष्ठांना सांगून टाकली, यथेच्छ बोलणी खाल्ली आणि पत्रक नव्याने लिहायला घेतलं. पहिलीच ओळ, ठसठशीत: 'ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्या. रोज घेऊ नका.' खाली वार लिहायला मोकळी चौकट. आता परीक्षेला औषधाच्या दुकानासमोरची अनोळखी माणसं बसवायची होती. पण पहिला मान ताईचा.

ती पेन्सिल घेऊन बसली. पत्रकवाले समोर, निकालाला आलेल्या पोरासारखे. पहिलं पान कोरं गेलं, दुसरं कोरं गेलं. त्यांच्या मनात पुन्हा चहाचा विचार डोकावलाच. तेवढ्यात अगदी शेवटच्या ओळीपुढे ताईने प्रश्नचिन्ह काढलं.

"काही शंका असल्यास डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारा," पत्रकवाल्यांनी ओळ मोठ्याने वाचली. "यात काय कळलं नाही, ताई?"

"कळलं रे," ताई म्हणाली. "पण तोही 'पत्रकात लिहिलंय' म्हणाला तर?"