मामांचा जपानी पिक्चर

माझ्या मामांइतका पिक्चर अंगात भिनवून घेणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही! डोंगरकड्याच्या एका शाळेत ते गणित शिकवीत, पण जीव सगळा सिनेमात. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच राहत असे. शाळा सुटली की त्यांची सायकल थेट वारंगा फाट्यावरच्या सीडीच्या दुकानाशी थांबे.

तिथूनच त्यांनी एकदा कराटेचा पिक्चर समजून एक जपानी सीडी आणली. त्यात सरकार एका वर्गातल्या पोरापोरींना बेटावर सोडतं, गळ्यात स्फोटक पट्टे अडकवतं आणि सांगतं, एकमेकांना मारा, उरेल तो एकच घरी जाईल; अन् त्यांचाच जुना मास्तर कर्ण्यावरून मेलेल्यांची नावं वाचतो. जपानात या पिक्चरवरून थेट संसदेत गदारोळ झाला होता, आणि आमच्या घरात मामा झपाटले होते! जपानी ओ की ठो कळत नव्हतं, तरी खालच्या इंग्रजी ओळी वाचून संवाद सगळे तोंडपाठ, तेही आमच्या बोलीत. फाट्यावर एसटीत चढता चढता त्यांनी कंडक्टरला गोष्ट सांगायला घेतली, तर ड्रायव्हर इंजिन बंद करून ऐकत बसला. पुढं कुठल्याही पिक्चरमध्ये माणसं एकेक करून बाद होऊ लागली की मामा ताडकन उठत, "तिथूनच उचललंय! बराबर तिथूनच!"

मग त्यांनी ही गोष्ट नववीच्या वर्गात सांगितली. पालकांची तक्रार आली, शाळेची समिती बसली. मामांसोबत मीही गेलो. नोकरी जाते की काय, अशी भीती होती.

अध्यक्ष कडाडले, "सर, लेकरायला खूनखराबा काहून शिकवून राहिले तुमी?"

मामा उठले. "तेच तर आमी करून राहिलो, साहेब. निकालाच्या दिवशी मी ओरडून नंबर वाचतो. पहिल्याला टाळ्या, शेवटच्याला हशा. दोस्ताचे मार्क कमी पडले की पोरगं खूश होतंय. त्या पिक्चरमधला मास्तर पाहिला अन् मला माझाच आवाज ऐकू आला."

अध्यक्षांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. नोकरी वाचली, पण वर्ष संपताच बदली झाली. जाण्याआधीच्या निकालाला मामांनी नंबर वाचलेच नाहीत. एकेकाला जवळ बोलावून गुणपत्रक दिलं, पाठीवर हात ठेवला. शेवटून पहिली आलेली पोरगी हसत बाहेर पडली, तेव्हा मामा लहान मुलासारखे मला म्हणाले, "पाहिलंस? पाहिलंस का?"

बदलीच्या गावी, हट्ट्याला, सामान घेऊन निघालो तेव्हा सगळा वर्ग निरोपाला आला होता. जीप सुटली. मामांनी मागं वळून पोरांना हात केला. मग हळूच म्हणाले, "याच्या आधीच्या पोरायचं काय रे? वीस वर्षं नंबर वाचले मी."